फ्रीजमधल्या बाटल्या

गेल्या मे महिन्यात गोव्यातल्या एका कॉलेजच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेतला जुना फ्रीज बंद पडला. तीस वर्षं औषध कारखान्यांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काढल्यावर घरी बसवेना, म्हणून मी तिथं आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जातो. फ्रीज भंगारात द्यायचा तर आधी रिकामा करायला हवा. आत दोन खोकी निघाली, बोटाएवढ्या काचेच्या बाटल्यांनी भरलेली. प्रत्येकीच्या तळाशी चिमूटभर भुकटी, पांढरी, पिवळी, एखादी विटकरी. तोंडाला पॅराफिल्म गुंडाळलेली. अंगावर मार्करनं घातलेले आकडे, त्यातले निम्मे पुसलेले. दहा-बारा वर्षांतल्या एमएस्सीच्या मुलांनी प्रकल्पासाठी बनवलेली संयुगं होती ती. मी मोजली, २१२ भरली.

प्रयोगशाळा सहायक म्हणाला, "सर, हांची यादी ना, मालक ना. दवरून कितें करतलो?" ठेवून करायचं काय, असं त्याचं म्हणणं. बाटल्या रासायनिक कचऱ्याच्या पिंपात गेल्या.

त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. कचऱ्याची नोंद त्यानं नीट ठेवली, हेही आपल्याकडे पुष्कळच. पण त्या बाटल्यांतलं बरंचसं जगात दुसरीकडे कुठंही नव्हतं. कुणा डिचोलीच्या, वाळपईच्या, पेडण्याच्या पोरानं चार-चार महिने फ्लास्कसमोर उभं राहून बनवलेले रेणू होते ते. त्यांची परीक्षा किती झाली होती? एकदाच. जिवाणू पेरलेल्या, जेलीसारख्या अगरच्या बशीत भोक पाडायचं, त्यात थेंब सोडायचा, दुसऱ्या दिवशी भोवतालचं वाढ न झालेलं वर्तुळ पट्टीनं मोजायचं आणि प्रबंधात लिहायचं, "संयुगांनी मध्यम ते चांगली जिवाणूविरोधी क्रिया दाखवली." हे वाक्य मी इतक्या प्रबंधांत वाचलंय की ते छापील फॉर्ममध्येच येतं की काय अशी शंका येते. वर्तुळाच्या मिलिमीटरांवरून दोन संयुगांची तुलना होत नाही. जो रेणू अगरमधून भरभर पसरतो त्याचं वर्तुळ मोठं, जो तेलकट आणि जड तो जागच्या जागी बसतो. दुसरा दहापट जालीम असला तरी पट्टीला ते कळत नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं: गोव्यानं संयुगांची एक पेढी, म्हणजे बनवलेले रेणू यादीसकट जपून ठेवायची जागा, उघडावी, तिला लागून चाळणीची, म्हणजे ढीगभर रेणूंतून जिवाणूंवर चालणारे निवडायची, एक साधी सार्वजनिक प्रयोगशाळा उभारावी, आणि त्या प्रयोगशाळेनं आपलं पहिलं लक्ष जिवाणूंच्या पटलात (पेशीभोवतीच्या पातळ पापुद्र्यात) बसलेल्या विकरांवर (एन्झाइमांवर) ठेवावं. यातून उद्या नवं अँटिबायोटिक निघेल असा माझा दावा नाही. तसा दावा कुणी केला तर त्याच्याकडे संशयानं बघावं, असा माझा सल्ला राहील.

आधी आपण कुठं उभे आहोत ते बघू. वेर्णा, कुंडई, बेतोडा, पिळर्ण, कोलवाळ या गोव्यातल्या औद्योगिक वसाहतींची नावं देशभरच्या औषधांच्या पाकिटांवर पाठीमागे बारीक अक्षरांत छापलेली असतात. देशाच्या औषध उत्पादनातला दहा टक्क्यांच्या वरचा वाटा गोव्याचा, असं उद्योगवाले अभिमानानं सांगतात. खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या तेव्हा अनेक घरांच्या चुली या कारखान्यांवर पेटत राहिल्या. पण हे काम मुख्यतः गोळ्या बांधण्याचं आहे. रेणू दुसऱ्यानं शोधलेला, भुकटी बाहेरून आलेली. आपण ती मोजायची, मळायची, दाबायची, लेप द्यायचा, पट्टीत भरायची. हे कौशल्य हलकं नाही. पेनिसिलिनच्या घराण्यातल्या औषधांसाठी वेगळी इमारत, वेगळी हवा, वेगळे कपडे लागतात, कारण त्याची धूळ दुसऱ्या औषधात गेली तर ॲलर्जी असलेला माणूस दगावू शकतो. ही शिस्त आमच्या मुलांच्या अंगात इतकी भिनलीय की घरात शिरतानाही ती दारात चपला सोडून उंबऱ्यापलीकडच्या पायरीकडे बघतात. फक्त ही सगळी शिस्त उत्तर आधीच ठरलेल्या प्रश्नांवर खर्च होते. गोळी विरघळली की नाही, एवढाच प्रश्न. नवा रेणू काय करतो, हा प्रश्न वेर्ण्याच्या पठारावर सहसा कुणी विचारत नाही.

आता पटलाकडे. आपल्याकडे चिऱ्याचं घर बांधताना सगळ्यांनी पाहिलेलं असतं. चिरा खाणीवर कापला जातो, टेंपोत चढतो, बांधकामावर उतरतो आणि गवंडी तो रचतो. जिवाणूची भिंतही अशीच उभी राहते. चिरा पेशीच्या आत तयार होतो, भिंत मात्र बाहेर बांधायची असते आणि मध्ये स्निग्ध पटल आडवं. त्यावर जिवाणूची युक्ती म्हणजे ५५ कार्बनांची लांब शेपटी असलेलं एक तेलकट वाहन, पटलातच रुतलेलं. या वाहनावर चिरा चढवणारं विकर आहे, त्याला एमआरएवाय म्हणतात. ते पटलात दहा वेळा आरपार शिवल्यासारखं बसलेलं असतं. पुढे एक प्रथिन भरलेला टेंपो आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूला पलटवतं. बाहेर गवंडी वाट बघत असतात, तेही पटलात पाय रोवून उभी असलेली विकरंच. ते चिरा उतरवून भिंतीत बसवतात आणि टेंपो रिकामा होऊन परत फिरतो. गंमत अशी की टेंपो मोजकेच असतात. कुठल्याही एका नाक्यावर रस्ता अडवला की सगळं बांधकाम ठप्प होतं आणि वाढणारा जिवाणू स्वतःच्या आतल्या दाबानं फुटतो.

पेनिसिलिन काय करतं? गवंड्याचे हात बांधतं. म्हणजे १९२८ साली फ्लेमिंगच्या बशीत जे दिसलं तो पटलातल्या विकरावरचाच हल्ला होता, त्या वेळी कुणाला ते ठाऊक नव्हतं इतकंच. शंभर वर्षं होत आली, आपण अजून बहुतांशी त्याच गवंड्यामागे लागलोय. चिरा चढवणारा हमाल मोकळाच आहे. एमआरएवायला रोखणारं एकही औषध आज दवाखान्यात नाही. त्याची त्रिमिती रचना २०१३ मध्ये पहिल्यांदा दिसली, तोवर या कुलपाचं भोक नेमकं कसं आहे हेच माहीत नव्हतं. ट्युनिकामायसिन नावाचा निसर्गातला रेणू त्याला रोखतो, पण आपल्या पेशींतही त्याचं एक भावंड आहे, त्यालाही तो रोखतो. म्हणून तो विषारी. दुसरं एक विकर घ्या, एलएसपीए. जिवाणूच्या स्निग्ध प्रथिनांचा सुरुवातीचा तुकडा कापून त्यांना जागेवर बसवण्याचं काम त्याच्याकडे. माणसात त्याचं कुणी भावंडच नाही. शिवाय त्याची कापायची सुरी पटलाच्या बाहेरच्या अंगाला आहे, म्हणजे औषधाला आतल्या पटलापलीकडे घुसावं लागत नाही. एमआरएवायचं तसं नाही, त्याचं तोंड आतल्या बाजूला. पटलातलं प्रत्येक विकर म्हणजे हाताशी आलेलं फळ, असं समजायचं कारण नाही.

मग मोठ्या कंपन्यांनी हे का केलं नाही? केलं. इथं माझ्या विरोधातला सगळ्यात जड पुरावा मीच ठेवतो.

१९९५ ते २००१ या काळात ग्लॅक्सोस्मिथक्लाइननं जिवाणूंच्या जनुकांतून निवडलेल्या लक्ष्यांवर ७० मोठ्या चाळण्या लावल्या. त्यांतल्या ६७ एकेका सुट्या विकरावर किंवा प्रथिनावर होत्या. प्रत्येक चाळणीत अडीच ते पाच लाख संयुगं ओतली. शेवटी किती ठिकाणी पुढं न्यावंसं काही हाती लागलं? पाच. या पराभवाचा हिशेब त्यांनी २००७ मध्ये स्वतःच जाहीर केला. माझ्या मते त्या कंपनीनं प्रतिजैविकांच्या क्षेत्रावर केलेला तो मोठा उपकार आहे. ॲस्ट्राझेनेकानं पुढच्या दशकात ६५ चाळण्या लावल्या, तिथंही फार वेगळं घडलं नाही. नंतर कंपनीनं २०१४ मध्ये बंगळुरूचं संशोधन केंद्र बंद केलं. तिथल्याच काही लोकांनी बगवर्क्स ही छोटी कंपनी काढली आणि प्रतिजैविकांचं काम पुढं चालू ठेवलं.

एवढ्या बलाढ्यांचे हात पोळले तिथं गोव्यातल्या कॉलेजची दोन खोकी काय दिवे लावणार, हा प्रश्न रास्त आहे. पण त्या पराभवाचं कारण काय होतं ते नीट बघायला हवं. शुद्ध केलेलं विकर परीक्षानळीत रोखणारे रेणू त्यांना भरपूर मिळाले. ते जिवंत जिवाणूपर्यंत पोचेनात. ग्राम-निगेटिव्ह जिवाणूला दुहेरी पटल असतं. चुकून आत शिरलेलं परकं द्रव्य पंपानं बाहेर फेकायची सोयही असते. कंपन्यांच्या संग्रहातली संयुगं माणसाच्या रोगांसाठी, माणसाच्या पेशींचा विचार करून बनवलेली होती. जिवाणूच्या दाराशी त्यांना कुणी ओळखेना. कुलपाला किल्ली बसली, पण ज्या दाराला ते कुलूप होतं तिथं जायचा रस्ताच नव्हता.

बेडाक्विलिन या क्षयाच्या औषधाची कहाणी याच्या उलट्या क्रमानं घडली, आणि माझा सगळा भर त्या क्रमावर आहे. बेल्जियममधल्या जॅन्सेन या औषध कंपनीच्या चमूनं क्षयाच्या जंतूचा एक निरुपद्रवी, भरभर वाढणारा भाऊबंद घेतला, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस. त्या जिवंत जिवाणूवर संयुगं टाकली. जे मारतं ते ठेवलं. मग त्या औषधाला दाद न देणारे मोजके जिवाणू वाढवून त्यांच्या जनुकांत काय बदललंय ते वाचलं. बदल सापडला एटीपी सिंथेझमध्ये, म्हणजे पेशीची ऊर्जा तयार करणाऱ्या, पटलात बसवलेल्या चक्कीच्या पात्यात. हे विकर माणसातही असतं, म्हणून आधी कुणी त्याच्या वाटेला गेलं नव्हतं. रेणूनं मात्र दोघांतला फरक बरोबर ओळखला. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि २०१२ च्या डिसेंबरात अमेरिकेत मंजुरी मिळाली. चाळीस वर्षांत क्षयासाठी आलेलं नव्या प्रकारचं ते पहिलं औषध. आधी जिवंत जिवाणू, मग पटल, मग नेमकं विकर. विकरापासून सुरुवात करून जिवाणूकडे जायचा उलटा रस्ता ज्यांनी धरला, त्यांचे पाच-पाच लाख रेणू वाया गेले.

अलीकडचं उदाहरणही याच रस्त्याचं आहे. अ‍ॅसिनेटोबॅक्टर हा अतिदक्षता विभागातला जुना भाडेकरू. डॉक्टरांना विचारा, नाव काढलं तरी कपाळाला आठ्या पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सर्वांत चिंताजनक जिवाणूंच्या यादीत कार्बापेनेम या जालीम अँटिबायोटिकला न जुमानणारा अ‍ॅसिनेटोबॅक्टर २०१७ मध्येही होता आणि २०२४ मध्येही आहे. रोशच्या संशोधकांनी सुमारे ४५ हजार वलयाकार पेप्टाइडं (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) जिवंत जिवाणूंवर टाकून एक धागा पकडला. त्यातून घडलेलं झोसुराबाल्पिन बाहेरच्या पटलाचा कच्चा माल वाहून नेणारं यंत्रच अडवतं. हे काम २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालं. ४५ हजार हा आकडा ग्लॅक्सोच्या पाच लाखांपुढे लहानच म्हणायचा. रेणू कोणत्या जातीचे निवडले, याला संख्येपेक्षा जास्त किंमत आली.

आता चाळणीच्या धंद्यातल्या भानगडी. कुणी मंत्री हा लेख वाचून उद्याच फीत कापायला निघू नये, म्हणून हे सांगणं भाग आहे. पटलातलं विकर पाण्यात राहत नाही. त्याला पटलातून सोडवायचं तर डिटर्जंट लागतं. घरातला नव्हे, महागडा, सौम्य. लिटरभर कल्चरमधून मिलिग्रॅमभर विकर हाती आलं तर त्या दिवशी पेढे वाटावेत. ते काम करतंय की नाही हे कळायला बहुधा फॉस्फेट सुटतं का ते हिरव्या रंगावरून बघतात. आणि मग पोरं नाचत येतात, "सर, हिट मिळाला!" हिट म्हणजे विकराला रोखणारा रेणू. शंभरातल्या बऱ्याच वेळा तो हिट नसतोच. संयुगानं डिटर्जंटचे थेंब मोडले आणि विकर जागीच मेलं, एवढंच झालेलं असतं. किंवा संयुगाच्याच गुठळ्या झाल्या आणि त्यांनी विकराला मिठी मारली. किंवा संयुगालाच रंग आहे.

या बाबतीत आपली लाडकी हळदही खोटारड्यांच्या यादीत बसते, हे सांगताना मला वाईट वाटतं. कर्क्युमिन प्रयोगशाळेत जवळपास कशालाही रोखतं. ते चमकतं, गुठळ्या करतं, पाण्यात टिकत नाही, प्रथिनांना चिकटतं. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्यावरच्या कामाचा सविस्तर आढावा घेतला आणि कर्क्युमिनला अस्थिर, क्रियाशील आणि औषध म्हणून जवळजवळ निरुपयोगी ठरवलं. तरी दर वर्षी माझ्याकडे निदान एक विद्यार्थी हळदीचा प्रकल्प घेऊन येतोच. मी त्याला नाही म्हणत नाही. फक्त सांगतो, त्याच बशीत ०.०१ टक्का ट्रायटन (एक डिटर्जंट) घालून पुन्हा कर. गुठळ्या मोडल्या की बहुतेक वेळा हळदीचा चमत्कारही मोडतो. प्रबंधात लिहायला याहून चांगला निष्कर्ष मला सुचत नाही, पण परीक्षकाला तो आवडेल याची खात्री देता येत नाही.

म्हणूनच मला हवी असलेली प्रयोगशाळा भपक्याची नाही. एका खोलीत पेढी: फ्रीझर, बारकोड, वजनकाटा, आणि यादी सांभाळणारा एक चोख माणूस. ही नेमणूक सगळ्यात महत्त्वाची. शेजारच्या खोलीत चाळणी. ९६ भोकांच्या बशीत दोन्ही कडांचे स्तंभ नियंत्रणासाठी सोडले तर ८० संयुगं बसतात. दोन हजार संयुगं म्हणजे २५ बशा. एक माणूस, एक बहुमुखी पिपेट आणि दिवसाला पाच बशा धरल्या तर कामाचा एक आठवडा. यात यंत्रमानव लागत नाही. पहिली चाचणी निरुपद्रवी, जिवंत जिवाणूंवर. त्यातल्याच काही जाती मुद्दाम बाहेरचं पटल कमकुवत केलेल्या आणि पंप काढून टाकलेल्या. कमकुवत भाऊ मरतो पण धडधाकट मरत नाही, असं दिसलं तर कळतं की रेणूत दम आहे, फक्त दरवाजा अडवलाय. जो मारतो तो दुसऱ्या टप्प्यावर, पटलातल्या दोन-तीन विकरांवर. क्षयाचा खरा जंतू इथं नकोच. त्याला कडक बंदोबस्ताची जागा लागते, ती दुसऱ्यांकडे आहे.

जागेचा विषय गोव्यात काढला की लगेच मेळावली आठवते. २०२१ च्या जानेवारीत सत्तरीतल्या लोकांनी आयआयटीसाठी जमीन द्यायला विरोध केला आणि सरकारला तिथून मागे सरावं लागलं. त्या लोकांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. संस्था म्हटली की आमच्याकडे आधी लाखो चौरस मीटर मोजतात, मग विद्यार्थी. या कामाला एक मजला पुरतो. ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे, दोनापावलाला १९६६ मध्ये स्थापन झालेली समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय संशोधन केंद्र आहे. यांच्यापैकी कुठल्याही आवारात रिकामा मजला सापडणार नाही, हे मला कुणी शपथेवर सांगू नये.

संयुगं कुठून येणार? विद्यापीठाच्या अध्यादेशात एक ओळ घाला: पदव्युत्तर प्रबंधात तयार केलेल्या प्रत्येक नव्या संयुगाचे पाच मिलिग्रॅम आणि शुद्धतेचा आलेख पेढीत जमा केल्याशिवाय प्रबंध स्वीकारला जाणार नाही. मालकी विद्यार्थ्याची आणि मार्गदर्शकाची. दोन वर्षं निकाल फक्त त्यांना, नंतर सगळ्यांना खुला. ही कल्पना माझी नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठानं २०१५ मध्ये को-ॲड नावाचा उपक्रम सुरू केला. जगातल्या कुठल्याही रसायनशास्त्रज्ञानं मिलिग्रॅमभर संयुग पाठवावं, तिथं पाच जिवाणू आणि दोन बुरशींवर फुकट चाचणी व्हावी, अशी ती योजना.

मग तिकडेच का नाही पाठवायचं? हा आक्षेप माझ्याच एका मित्रानं घेतला आणि मला तो आवडला. पाठवावं की! पेढी नीट चालू झाली तर पहिलं पार्सल तिकडेच जावं. पण पार्सलाच्या उत्तरात आकडा येतो, माणूस तयार होत नाही. आकडा आल्यानंतर रेणूचा एक हात बदलायचा, पुन्हा बनवायचा, पुन्हा तपासायचा, हे फिरतं चाक एकाच छपराखाली असावं लागतं. क्वीन्सलंडला दर वेळी पोस्टानं जाऊन ते फिरत नाही.

निकाल खुले ठेवायचे, आणि नापास झालेल्यांचेही, या अटीवर मी अडून बसणार आहे. २०२० मध्ये एमआयटीतल्या गटानं संगणकाला शिकवून हॅलिसिन नावाचा रेणू निवडला, तो जिवाणूच्या पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युत-रासायनिक तोल बिघडवतो. वर्तमानपत्रांनी लिहिलं, कृत्रिम बुद्धिमत्तेनं अँटिबायोटिक शोधलं. त्या बुद्धिमत्तेचा शिकवणीवर्ग काय होता? ई. कोलायवर खरोखर तपासलेले २,३३५ रेणू, आणि त्यांतले बहुसंख्य नापास. आमच्या फ्रीजमधले २१२ नीट तपासले असते आणि सगळे नापास झाले असते, तरी त्या वर्गात त्यांना बाकावर जागा मिळाली असती. पिंपात गेलेल्या बाटलीला नापासही होता येत नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न पैशाचा आहे, आणि तो मी घाईघाईत उरकणार नाही. नवं अँटिबायोटिक हा बाजाराच्या दृष्टीनं वाईट माल आहे. चांगलं असेल तर डॉक्टर ते राखून ठेवणार, म्हणजे खपणार नाही. अमेरिकेतल्या अकाओजेनला २०१८ च्या जूनमध्ये प्लाझोमायसिनची मंजुरी मिळाली आणि २०१९ च्या एप्रिलमध्ये कंपनीनं दिवाळं काढलं. औषध पास, कंपनी नापास. इंग्लंडनं यावर २०२२ पासून वर्गणीची पद्धत सुरू केली. सुरुवातीला दोन औषधांसाठी कंपन्यांना प्रत्येकी वर्षाला एक कोटी पौंडांपर्यंत ठरावीक रक्कम, मग औषध किती वापरलं याला महत्त्व नाही. अग्निशमन दलाला आपण विझवलेल्या आगींच्या संख्येवर पगार देत नाही, त्यातला हा प्रकार. भारतात असं काही होईपर्यंत खासगी भांडवल या क्षेत्रात मनापासून येणार नाही, हे मान्य. पण म्हणूनच पहिली पायरी सार्वजनिक पैशानं बांधायची.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली ती सरकारी पैशातून, आणि तिनं फक्त पेनिसिलिन बनवलं नाही. तिथंच हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध सापडलं, नावातच कंपनीची आद्याक्षरं घेऊन. चेन्नईच्या ऑर्किडमध्ये जन्मलेल्या एनमेटाझोबॅक्टम या औषधाला २०२४ च्या फेब्रुवारीत अमेरिकेची मान्यता मिळाली. मात्र शेवटचा मोठा टप्पा तो परदेशी कंपनीच्या हातात देऊनच पार पडला.

इथं मला सार्डिनियाची आठवण होते. भूमध्य समुद्रातलं बेट, पुढाऱ्यांच्या दृष्टीनं कोपऱ्यातलं. १९४५ मध्ये कॅलियारीच्या जुझेप्पे ब्रोत्झू नावाच्या प्राध्यापकानं समुद्रात सांडपाणी मिळतं त्या जागेचं पाणी तपासलं. लोक तिथं पोहतात तरी त्यांना विषमज्वर होत नाही, हे त्याला खटकलं होतं असं सांगतात. त्यात एक बुरशी मिळाली, तिचा स्राव जिवाणू मारत होता. पैसा नाही, साधनं नाहीत. १९४८ मध्ये त्यानं एका स्थानिक पत्रिकेत ते छापलं आणि बुरशी ऑक्सफर्डला पाठवून दिली. तिथं सेफॅलोस्पोरिन सी वेगळं झालं, पेटंटं ब्रिटिश सरकारी महामंडळाकडे गेली. आज सेफॅलोस्पोरिनच्या गोळ्या जगभर खपतात. पणजीचा सांतिनेजचा नाला ओलांडताना नाकाला रुमाल लावून मी दर वेळी ब्रोत्झूचा विचार करतो. आपल्याकडे सांडपाण्याची कमतरता नाही. मिठागरं आहेत, खाजनं (बांध घातलेली खाऱ्या पाण्याकाठची शेतं) आहेत, खारफुटीतला काळा चिखल आहे. पुढचं ऑक्सफर्ड मात्र आपल्याला दुसरीकडे शोधावं लागू नये.

शेवटचा आक्षेप फार्मसीच्या काउंटरवरचा. म्हापशाच्या बाजारात मी स्वतः ऐकलंय: "बाब, त्योच गुळयो परत दी." आणि गुळयो चिठ्ठीशिवाय मिळतातही. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ठरावीक अँटिबायोटिकं विकू नयेत असं सांगणारं शेड्यूल एच-वन २०१४ च्या मार्चपासून लागू आहे, पाकिटावर लाल रेघ आहे, तरी मिळतात. जुनी औषधं अशी उधळायची आणि नवी शोधायची, हे भोक पडलेल्या घागरीत पाणी भरण्यासारखं आहे, असं एक डॉक्टरबाई मला म्हणाल्या. त्यांचं बरोबर आहे. केरळनं २०१८ मध्ये स्वतःचा राज्य आराखडा केला, गोव्याएवढ्या आटोपशीर राज्याला ते त्याहून सोपं जायला हवं. पण २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट औषधाला न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे गेली. घागर आधी लिंपायची की विहीर आधी खणायची, असा क्रम लावत बसायला त्यांच्या नातेवाइकांनी आपल्याला सांगितलेलं नाही.

त्या २१२ बाटल्यांतल्या एकीवर पुसट ४७ होता. तो कुणाचा ते मला माहीत होतं, कारण तिच्या प्रबंधाचं तोंडी परीक्षण मीच केलं होतं. तिचं वर्तुळ सगळ्यांत लहान आलं होतं आणि रेणू सगळ्यांत तेलकट. पटलात रुतायला जसा हवा तसाच. आता ती वेर्ण्याला एका कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे, गोळ्या किती मिनिटांत विरघळतात ते बघते. फ्रीज गेल्याचं मी तिला फोनवर सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, वही घरी आहे, कृती लिहिलेली आहे, तिसरी पायरी तेवढी त्रासाची. सगळं जमून आलं तर तीन आठवडे लागतील. सुट्टी तिला फक्त रविवारची असते.